भार बघ, मानूस नगं

मामांशी फोनवर बोलायचं तर फोन कानाला लावून भागत नाही. व्हिडिओ कॉल करावा लागतो, आणि त्यातही मामांचा चेहरा दिसत नाही. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि समोर दोन हात. नुसते हात. मनगटावर काळा दोरा, डाव्या करंगळीचं वरचं पेर जरा वाकडं. मी इकडून विचारते, "मामा, तब्येत कशी आहे?" उजवा पंजा पालथा होतो आणि हवेत अलगद डुलतो. म्हणजे आहे, ठीक आहे. "आणि मामी?" पाची बोटं चोचीसारखी उघडतात, मिटतात, परत उघडतात. म्हणजे तिचं बोलणं चालू आहे. मागून मामींचा आवाज येतोच, "काय सांगताय माझ्याबद्दल? मला दिसतंय समदं!" मग दोन्ही हात जोडले जातात आणि कॉल बंद. मिनिटभराचा कारभार. मला मात्र नंतर बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

हे माझे सख्खे मामा नव्हेत. चाकणच्या पट्ट्यात आमची कंपनी आहे, गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारी. तिथल्या प्रेस शॉपमध्ये मामा क्रेनला सिग्नल द्यायचे. मोठ्या साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यामुळे खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. गाव निघोजे. म्हणजे कंपनी त्यांच्याकडे चालत आली, ते कंपनीकडे गेले नाहीत, असं ते स्वतःच म्हणायचे. म्हणायचे म्हणजे, एक बोट जमिनीकडे, मग दुसऱ्या हाताची दोन बोटं चालत येताना. एवढंच. समजून घ्यायचं.

आणि मी? मी चिंचवडची, आणि बडबडीत माझा हात कुणी धरायचा नाही. आमच्या घराण्यातच ते आहे. बाबांचे कान भोसरीच्या कंपनीत पार गेले होते, त्यामुळे आमच्याकडे भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ओरडून सांगायची पद्धत. हळू बोललं की आई कपाळाला हात लावून बघायची, ताप आहे का म्हणून. डिप्लोमा करून मी क्वालिटीत लागले आणि पहिल्याच दिवशी शॉपमध्ये जाऊन सवयीप्रमाणे ओरडायला सुरुवात केली. "अहो दादा, तो पार्ट जरा इकडे द्या! अहो, इकडे!" सहा प्रेस एकामागोमाग आदळतायत. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचत नव्हता. शॉपमधली एकटी मुलगी घसा फोडतेय म्हटल्यावर पोरं गंमत बघत उभी.

तेवढ्यात केशरी जॅकेट घातलेला एक किडकिडीत माणूस समोर येऊन उभा राहिला. त्यानं माझ्या तोंडाकडे बोट केलं आणि चिमूट मिटली. मग माझ्या डोळ्यांकडे बोट केलं आणि चिमूट उघडली. खिशातून कानात घालायच्या बोळ्यांची नवी पुडी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि निघून गेला. मला असा राग आला! कोण हा, मला गप्प करणारा? पण बोळे कानात घातले, आणि काय सांगू, सगळं शॉप एकदम लांब गेलं. धडधड नुसती पायातून येत होती. छताच्या एका पारदर्शक पत्र्यातून उन्हाचा पट्टा खाली आला होता, त्यात तेलाची बारीक वाफ तरंगत होती, आणि त्या वाफेत सगळीकडे हात हलत होते. कुणी पाणी मागतंय, कुणी वेळ विचारतंय, कुणी साहेब येतोय म्हणून सावध करतंय. सगळे बोलत होते की! मलाच ऐकू येत नव्हतं.

आजही प्रेस शॉप आठवलं की मला आवाज आठवत नाही. उजेड आठवतो आणि हात.

मामांनी मला शिष्य म्हणून घेतलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त मला हात खिशात घालायला लावले. आठ दिवस. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनबाहेरच्या कट्ट्यावर मी भांडले, "मामा, शिकवायचं तर शिकवा, हे काय?" तर म्हणाले, "पोरी, तुला बोलाया येतं. बघाया येत न्हाई. तोंडाला काय, जीभ वळली की निघालं. हात उचलाया लागतो. उचलायच्या आदी मानूस इचार करतो." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा फार वेळा ऐकलं नाही.

नवव्या दिवशी हात बाहेर काढायची परवानगी मिळाली. मग महिनाभरात माझी अशी काही प्रगती झाली की घरी जेवताना मी बोटांनी वरण मागायला लागले. आई म्हणाली, या पोरीला कंपनीत कुणी काही केलं तर नाही ना.

मामांचं हे सगळं आलं होतं त्यांच्या वडिलांकडून. वडील चाकणच्या गुरांच्या बाजारात दलाल होते. तिथे सौदा बोलून करत नाहीत, रुमालाखाली हातात हात देऊन बोटं दाबून करतात, आजूबाजूच्याला कळू नये म्हणून. मामा लहानपणी तिथे वडिलांच्या धोतराला धरून उभे राहायचे आणि चेहरे बघायचे. हात झाकलेले, तोंडं बंद, नुसते चेहरे. "समदा बाजार त्वांडावर दिसतो," ते म्हणायचे. तेव्हापासून त्यांचा बोलण्यावरचा विश्वासच उडाला असावा. कांदे घ्यायला जायचे तर कांदेवालीच्या पुढ्यात उभे राहून नुसते कांद्यांकडे आणि मग आभाळाकडे बघायचे. बाई भाव कमी करायची! मी स्वतः बघितलंय.

व्हॉट्सअॅपवर मात्र त्यांचा भारी राग. शॉपच्या ग्रुपवर रोज सकाळी चाळीस लोक अंगठा टाकायचे. क्रेनच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे उचल. मामा कट्ट्यावर येऊन मोबाइल माझ्यापुढे धरायचे, एकेक अंगठा दाखवायचे आणि दोन्ही हात पसरून विचारायचे, काय उचलू? सकाळी सकाळी काय काय उचलू मी?

माणसं तर ते पायाकडे बघून ओळखायचे. शॉपच्या दारात बसून सगळे सेफ्टी बूट चढवतात. मामा तिथे चहा घेत उभे. कोण दोऱ्या आवळून बांधतोय, कोण तशाच खोचतोय, यावरून कुणाचं घरी वाजलंय, कुणाची झोप झाली नाही, सगळं त्यांना समजायचं. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं त्या सकाळी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मामांनी माझ्या बुटांकडे बघितलं, खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली आणि दिवसभर मला प्रेसच्या जवळ येऊ दिलं नाही. लांबूनच तळहात दाखवायचे, तिथंच थांब. मी संध्याकाळी बसमध्ये बसून रडले. बरं वाटलं रडून.

पण हे सगळं झालं इकडचं तिकडचं. मामा खरे दिसायचे क्रेनखाली.

डाय म्हणजे लोखंडाचा साचा, एकेक छोट्या टेम्पोएवढ्या वजनाचा. वेगळा पार्ट काढायचा असला की प्रेसमधली डाय काढून दुसरी बसवायची. छताखाली क्रेन, क्रेनच्या केबिनमध्ये ती चालवणारा बालाजी, आणि खाली मामा. बालाजी नांदेडकडचा, ठेकेदाराच्या हजेरीवर सहा वर्षं घासलेला. यंदा कायम करायच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं, त्यामुळे स्वारी आठवडाभर जमिनीवर नव्हतीच, आणि तशीही ती केबिनमध्येच असायची. केबिनमधून त्याला काही ऐकू येत नाही. त्यानं फक्त मामांचा हात बघायचा. आणि मामांनी फक्त भार बघायचा. "भार बघ, मानूस नगं," हा मामांचा नियम. बाजूला कुणी पडो, साहेब येवो, नजर लटकलेल्या लोखंडावर. मग त्यांचा हात असा काही चालायचा की वाटायचं ती डाय साखळीला टांगलेली नाहीच, मामांच्या बोटाला टांगलीय. मी काम सोडून बघत बसायचे. कित्येकदा वाटायचं, मी जागी आहे का झोपेत.

माझा आणि मामांचा एक रोजचा खेळ होता. जेवणाच्या सुट्टीआधी मी पलीकडच्या इन्स्पेक्शन टेबलापासून हात वर करून विचारायचे, डब्यात काय? ते हातानं सांगायचे. भाकरी थापून दाखवायचे, ठेचा कुटून दाखवायचे, पिठलं घोटून दाखवायचे. त्यांचं काम संपल्यावरच विचारायचं, एवढं पथ्य मी पाळत होते.

त्या रविवारी पाळलं नाही. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी शॉप भरलेलं. तीन नंबर प्रेसवर डाय चढवायचं काम चालू होतं. दोन हेल्पर प्रेसच्या टेबलाशी वाकून उभे. मामांचा उजवा हात पुढे, तर्जनी खाली, मनगट छोट्या छोट्या गोलात फिरतंय. म्हणजे खाली, हळू, खाली. टेबलाच्या वीतभर वर डाय थांबवायची, मग हेल्पर ती ढकलून नेमक्या जागी आणणार, मग शेवटचं टेकवायचं. हजार वेळा केलेलं काम. मला भूक लागली होती. मी हात हलवला आणि विचारलं, डब्यात काय?

मामांनी भारावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मला आजतागायत समजलेलं नाही. त्यांनी डाव्या हाताची चिमूट करून देठ खुडल्यासारखं केलं. मेथी. आणि हसले. त्या उन्हाच्या पट्ट्यात उभे होते ते, आणि मला आठवतंय, मी पण हसले. त्या सगळ्या वेळात त्यांचा उजवा हात फिरतच होता. खाली, हळू, खाली.

पुढचं पायातून कळलं. फरशी हादरली. डाय टेबलाच्या कडेवर बसून कलली आणि एका बाजूनं घसरली. हेल्पर मागे उडाले, एकाचा पंजा म्हणाल तर नशिबानं वाचला. डायचा खांब वाकला, टेबलाला तडा गेला, लाइन बंद.

सगळे धावले. आणि सगळ्यांनी वर बघितलं, केबिनकडे. मामांचा हात चुकेल ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नाही. शॉपच्या खांबावरच्या कॅमेऱ्यात मामांची नुसती पाठ आली होती. बालाजी खाली उतरून सांगत होता, "सिग्नल चालू होता साहेब, खाली म्हणायले होते मामा." मामा म्हणाले, "म्या थांब दिला व्हता." लिहूनही तसंच दिलं. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. स्वतःचा हात त्यांना दिसला नव्हता, ते माझ्याकडे बघत होते.

सोमवारी सकाळी बालाजीचा गेटपास काढून घेतला. शुक्रवारी चौकशी. ठेकेदाराचा माणूस, त्याची चौकशी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं. सहा वर्षं आणि ती यादी, दोन्ही गेल्यात जमा. मामा कामावर होते, पण त्यांचे हात खिशात. पूर्ण तीन दिवस खिशात. त्यांना वाटत होतं, बालाजीनं आपला हात वाचण्यात चूक केली, आणि त्याचं त्यांना दुःख होतं. मला मात्र सगळं ठाऊक होतं, आणि माझं प्रोबेशन संपायला दोन महिने राहिले होते. काम चालू असताना सिग्नलमनचं लक्ष वेधणं म्हणजे सरळ घरी. आमचं घर माझ्या पगारावर चाललेलं. असं सगळं मी रात्रंदिवस मनाशी घोळवत होते, आणि तोंडातून एक अक्षर काढत नव्हते. मी!

गुरुवारी सकाळी स्कूटी काढून निघोज्याला गेले. इंद्रायणीकडून धुकं वर आलं होतं. त्यात कंपन्यांचे पत्रे अर्धेच दिसत होते, खालचा भाग पुसून गेलेला. मामांचं घर रस्त्याला लागूनच, दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या, पुढे अंगण. मामी आत भाकरी करत आतूनच बोलत होत्या. "कोन आलंय हो? पोर आली व्हय? चहा ठिवू?" अंगणात बाजेवर बसलेल्या मामांनी मान हलवली. मध्ये भिंत होती. "ठिवते, ठिवते," मामी आतून म्हणाल्या. ह्या दोघांचं असंच चालायचं. बायकोला भिंतीपलीकडून नवऱ्याची मान कशी दिसते, हे मी कितीदा विचारलं असेल.

मी समोर बसले. सांगायचं सगळं पाठ करून आले होते. मामा, चूक तुमचीही आहे आणि माझी जास्त आहे, असं बरंच काय काय. तोंड उघडलं, तर काही येईना. बरं, गप्प बसवेना. मग मी उठून उभी राहिले आणि उजवा हात पुढे केला. तर्जनी खाली. मनगट फिरवायला सुरुवात केली. मग मान वळवली, डावा हात वर घेतला, देठ खुडले, आणि त्यांच्यासारखी हसले. उजवा हात फिरवतच राहिले.

मामा बघत होते. त्यांना बघायला येत होतं, तेवढंच तर त्यांना येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं हळूहळू उतरत गेलं. त्यांनी खिशातून हात काढले आणि मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसले, परक्याचे असल्यासारखे. मग विचारलं, "किती येळ?"

मी तीन बोटं दाखवली. तीन सेकंद.

मामी चहा घेऊन आल्या आणि एकदम गप्प झाल्या. तेव्हा मला खरी भीती वाटली. मामींना मी कधी गप्प बघितलं नव्हतं.

शुक्रवारी चौकशीचं टिपण लिहायला मलाच बसवलं होतं. अक्षर चांगलं आणि लिहिण्याचा वेग बरा, म्हणून. बालाजी कोपऱ्यात उभा. मामा आले, खुर्चीवर बसलेही नाहीत. "सायेब, बालाजी बरोबर हाय. सिग्नल माझा चालू व्हता. म्या जे लिवून दिलं, तवा मला ठावं न्हवतं. आता ठावं झालं."

मोठे साहेब म्हणाले, "मामा, तुम्ही त्या पोराला वाचवायला म्हणून बोलू नका."

"न्हाई. चूक माझी हाय."

"पण असं झालं कसं? तुमचं लक्ष कुठे होतं?"

माझं पेन थांबलं. आता मामा माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "लक्ष कुठं असनार सायेब. वय झालं. कवाकवा डोळ्यापुढं अंधारी येती."

आणि मी ते लिहिलं. स्वच्छ अक्षरात, कुठेही खाडाखोड न करता. सिग्नलमनच्या डोळ्यांपुढे वयोमानामुळे अंधारी येत असल्याने. ज्या माणसाला शॉपच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाच्या बुटाची दोरी दिसायची, त्याच्याबद्दल. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

बालाजीला गेटपास परत मिळाला. यादीतलं नावही राहिलं. मामांना क्रेनवरून काढून भंगार यार्डात पाठवलं. तिथे ट्रक मागे घ्यायला लावायचे. ड्रायव्हर लोकांना हात दिसत नाही, त्यांना आवाज लागतो, "येऊ द्या, येऊ द्या, बस!" मामांना ओरडावं लागायचं. नाही नाही ते बघितलं मी, मामांना ओरडताना बघितलं. दीड वर्ष. मी कायम झाले, मामांनी अंगणातल्या झाडाची सीताफळं पाठवली. मी दोनदा यार्डात जाऊन विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी हात खिशात घातले आणि यार्डाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. मग मीही सोडून दिलं. सोडून देणं किती सोपं असतं बघा.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कार्यक्रम. शाल, श्रीफळ, पुरीभाजी, गुलाबजाम. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे, बडबडीला दुसरं काय देणार. एचआरनं मजकूर टाइप करून दिला होता. मी वाचत होते छान, चढउतार घेऊन. "मामांच्या हातून कधीही चूक झाली नाही, तो एक दुर्दैवी प्रसंग सोडला तर, जेव्हा वयोमानामुळे..." एवढंच वाचलं.

कागद खाली ठेवला. म्हटलं, "हे खोटं आहे. मामांच्या डोळ्यांपुढे कधी अंधारी आली नाही. मी त्यांना हाक मारली होती. डाय लटकत असताना, हातानं. डब्यात काय, म्हणून. ते माझ्याकडे वळले म्हणून झालं ते. चौकशीत मी समोर बसून हे खोटं लिहून घेतलं, कारण मला नोकरी हवी होती."

कॅन्टीनमध्ये दीडशे माणसं. मोठे साहेब मोबाइल बघायला लागले. मी मामांकडे बघितलं. शाल खांद्यावरून घसरलेली, हातात नारळ, त्यामुळे त्यांना हात वापरता येईनात. शेवटी बोलावंच लागलं. "झालं का?" ते म्हणाले. "मग जेवा आता. पुऱ्या गार व्हाया लागल्या."

सगळे हसले. मीही हसले, नाक पुसत. पुढे माझं काय व्हायचं ते झालं, एक ताकीदपत्र मिळालं आणि बढती वर्षभर लांबली. त्याचं मला काही वाटलं नाही.

पंगतीत पुऱ्या वाढायला बालाजी होता. माझ्या ताटाशी आला आणि थांबला. हळूच म्हणाला, "मॅडम, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"वरून समदं दिसतंय की केबिनमधून. तुम्ही हात केला, मामा वळले. समदं दिसायलं होतं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. "मग चौकशीत बोलला का नाहीस रे? तुझी नोकरी जात होती!"

"माझी तर जायलीच होती," तो म्हणाला. "तुमची कामून घालवायची? तुम्ही बी नवीनच होत्या."

त्यानं आणखी एक पुरी माझ्या ताटात टाकली. पुढच्या ताटाकडे जायला वळला आणि परत मागे आला.

"एकच सांगतो, राग नका मानू. ते तीन दिवस मी गेटवर उभा राहत होतो, कुणी आत घेतंय का म्हणून. तुमची बस यायची. तुम्ही खिडकीत बसलेल्या असायच्या. मला बघितलं की मान तिकडं करायच्या. तिन्ही दिवस." त्यानं हातातली पुऱ्यांची परात सावरली. "तेवढं लागलं बघा."

हे मी वर कुठे लिहिलेलं नाही. पण तो म्हणतो ते खरं आहे.